बहिणीला विचारलं का?

जमिनीचा दलाल आणि त्याच्या तोंडी सदा 'नका घेऊ', हे आज सांगितलं तर कोणी खरं मानत नाही. आमच्या घरात त्यांचं नावच नकोअण्णा पडलं होतं. गिऱ्हाईक जागेवर आणायचं, मालकाच्या देखत जागेतली खोट दाखवायची आणि वर म्हणायचं, "बघा बुवा, मला तर नको वाटतंय." मी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस. सौदा मोडला की दलाली बुडते, एवढं मला कळत होतं. त्यामुळे पहिल्याच भेटीत मी चक्रावलो. "हा माणूस वेडा तरी आहे, नाहीतर फार पोहोचलेला," असं मी घरी येऊन बायकोला, कुसुमला, सांगितलं.

तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. अंबडला कारखाने येणार म्हणून नाशिकात जो तो प्लॉट घ्यायला निघाला होता. आमच्या घरमालकाने पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम आणि कुसुमच्या पाटल्या, एवढ्यात जागा बसवायची होती. ते पैसे चुकीच्या जागी गेले असते तर आयुष्यात पुन्हा जमले नसते.

अण्णा सायकलवर यायचे. डोक्यावर टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी वैशाखात भेटलो तर म्हणाले, "आषाढात या. उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात." आणि खरंच आषाढातल्या एका रविवारी भर पावसात त्यांनी मला काळ्या मातीच्या प्लॉटवर उभं केलं. माझी चप्पल रुतली ती निघेना. अण्णा शांतपणे बघत होते. "आत्ता तुमची चप्पल धरून बसलीय. उद्या भिंतींचा पाया असाच धरील आणि उन्हाळ्यात सोडून देईल. भेगा बुजवत बसाल. नका घेऊ." मालक शेजारीच उभा होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी एकटा गेलो तर त्यांनी सायकलवरून पायसुद्धा खाली टेकवला नाही. "वहिनी कुठायत?"

"तिला कशाला चिखलात? मी बघून सांगेन की."

"भाऊसाहेब, घरात तुम्ही राहणार किती? झोपण्यापुरते. त्यांना आणा, मग जागा बघू."

कुसुम आली. तिला त्यांनी प्लॉट दाखवलाच नाही. शेजारच्या घरात प्यायला पाणी मागायला पाठवलं. ती परत आली ती नळ कधी येतो, विहीर कधी आटते, गल्लीत कोणाचं कोणाशी वाकडं आहे, सगळं घेऊन. "बघा," अण्णा म्हणाले, "हे कुठल्या नकाशावर असतं?"

सगळे पैसे जमिनीत घालायचे नाहीत, हा त्यांचा आणखी एक आग्रह. कुंपणापुरते तरी मागे ठेवा, म्हणायचे. "नाहीतर पुढच्या वर्षी जाल तर तुमच्या प्लॉटवर दुसऱ्याची म्हैस रवंथ करत असेल. म्हशीला खरेदीखत दाखवणार का?"

श्रावणात त्यांनी मखमलाबाद रोडचा एक तुकडा दाखवला. निवृत्ती नावाचा फुलं-भाजी पिकवणारा तरुण शेतकरी त्याच्या मळ्यातले प्लॉट विकत होता. जमीन मुरमाड, बिगरशेतीचा हुकूम झालेला, रस्ता कागदावर होता आणि प्रत्यक्षातही. अण्णा जागेवरून दोनदा फिरले आणि काहीच बोलले नाहीत. 'नको' न म्हणणं ही त्यांच्या लेखी शाबासकीच. मी घरी येऊन नकाशा काढला. ईशान्येच्या कोपऱ्यात एक सीताफळाचं झाड होतं. ते तोडून तिथे सहा फूट खोल पाण्याची टाकी, असं पक्कं केलं.

खरेदीच्या दिवशी मी रजा काढली. कचेरीत स्टॅम्पपेपर तयार, साक्षीदार हजर. निवृत्तीने पेन उचललं आणि अण्णांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"बहीण कुठंय तुझी? सहीला आणतो म्हणाला होतास."

"अण्णा, तिचं काय त्यात? बाप गेला तव्हा वारसात नाव लागलं ते माझं एकट्याचं. तिला नामपूरला दिलीय. दर भाऊबिजेला लुगडं देतो मी. ती काय मागायची नाय."

"मागायची नाही, हे तू सांगतोस. तिला विचारलं का?"

"आमच्यात नाय इचारत."

माझा संयम सुटला. "अण्णा, सगळे असेच व्यवहार करतात. पुढच्या दिवाळीला मला घर सोडायचंय, त्याआधी बांधायचंय!"

अण्णांनी कागद उचलले, घडी घातली आणि माझ्या पिशवीत कोंबले. "नका घेऊ. बापाच्या जमिनीत लेकीचा हक्क असतो. ती उद्या कोर्टात उभी राहिली तर तुमच्या नव्या घरात तारखा मोजत बसाल." त्यांची स्वतःची दलाली त्याच पिशवीत गेली होती.

रविवारी आम्ही चौघं एसटीने नामपूरला गेलो. कुसुमने यायचंच, असा अण्णांचा हट्ट होता. कांद्याच्या चाळीपुढे बहिणीचा नवरा भेटला. "काय काम शे?" त्याने विचारलं आणि खाट टाकली. निवृत्तीची अक्का आत कांदे निवडत बसली होती. भाऊ आला म्हणून तिचा चेहरा फुलला. सहीचं ऐकून ती हसली. "देते की. माले काय करायची जमीन? पन कोन्ता तुकडा इकतो रे?"

"सीताफळाकडचा."

तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. खाली बघत म्हणाली, "माझं पोर हाय तिथं."

आम्हाला कळेना. तिने कुसुमकडे वळून सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. मुलगा झाला आणि बारशाआधीच गेला. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, म्हणून तिच्या वडिलांनी त्याला मळ्याच्या कोपऱ्यात पुरलं. वर तिने सीताफळ लावलं.

निवृत्ती तिच्यापुढे खाली बसला. "अक्का, मला कुनी सांगितलंच नाय गं. दिवाळीला येऊन तिथं बसायचीस, मी म्हनायचो सीताफळं खायला बसली."

"तू तव्हा रांगत होता. तुला काय सांगायचं?"

माझ्या पिशवीत नकाशा होता. सहा फूट खोल, माझ्याच अक्षरात. कसाबसा म्हणालो, "अक्का, मी ही जागा घेत नाही."

"घ्या," ती म्हणाली. "तुमी नाय घेतली तर दुसरा घेईल, त्याला कोन सांगनार? तिथं खनू नका, येवढंच. आन् दिवाळीला आले तर फाटक उघडा." कुसुमने तिचे हात धरले. पुढच्या आठवड्यात अक्काने नाशिकला येऊन अंगठा दिला.

त्या रविवारी नामपूरहून परतताना सटाण्याला गाडी थांबली. अण्णांनी चहा घेतला नाही. गाडी सुटल्यावर म्हणाले, "भाऊसाहेब, इतकी वर्षं मी बहिणी शोधल्या त्या सहीसाठी. कोर्टकचेरी नको म्हणून. आणि मला वाटायचं, मला जमीन कळते."

त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला. गावोगाव जाऊन ते मालकाच्या बहिणीला आधी विचारत, "बाई, तुमचं तिथं काही आहे का?" पेठच्या एका बाईने एक आंबा राखून ठेवायला लावला, असं त्यांनीच मला सांगितलं. बऱ्याचजणी नुसत्या हसत. आणि नवं गिऱ्हाईक आलं की अण्णा ते आमच्या घरी आणत. कोपऱ्यातलं झाड दाखवत, कशासाठी ठेवलंय ते सांगत, आणि म्हणत, "हे कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. आता बोला, बहिणीला विचारलं का?" एक वकील तर स्वतःच्याच बहिणीची आठवण होऊन पाण्याचा पेला तसाच ठेवून उठले होते.

पाचसहा वर्षांनी अण्णा गेले. आदल्या दिवशी माझ्याशी बोललेला माणूस सकाळी नाही. किती दिवस मला सायकलची घंटा वाजली की तेच आले असं वाटे. त्या दिवाळीला अक्का आली तेव्हा मी तिला फाटकातच सांगितलं. ती झाडाखाली बसली, मग सीताफळं उतरवली आणि त्यातली चांगली निवडून बाजूला काढली. "ही अन्नाच्या घरी द्या."

मध्यंतरी घरपट्टीसाठी एक तरुण मोजणीला आला होता. मी जागेचं माप सांगितलं. त्याने टेप लावला, कागद पाहिले आणि म्हणाला, "काका, तुम्ही कमी सांगताय. तो कोपरा धरलाच नाही."

"तो माझा नाही."

"मग कोणाचा?"

कुसुम ओट्यावरून म्हणाली, "अक्कांच्या मुलाचा."