हृदय ठणठणीत, गिळण्याची बोंब

गोव्यात, तुयेच्या एका कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर. पण नवीन माणसाला माझी ओळख करून देताना कुणी हुद्दा सांगत नाही. "हेच ते, मरता मरता राहिलेले!" म्हणतात. दुखणं एकदा चिकटलं की औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत!

*

पहिली कळ कॅन्टीनमध्ये आली. फ्रिजमधली सोलकढी घटाघटा प्यायलो आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. दरदरून घाम! लोडिंगला आमचा कोल्हापूरचा शंकर आहे. त्याने मला पोत्यासारखं उचलून व्हॅनमध्ये घातलं. वाटेत मी त्याचा हात धरून निरवानिरव सुरू केली. "शंकर, सुनंदाला सांग, आयुष्यभर तिला उगाच बोललो. स्वयंपाक ती चांगला करायची..."

हॉस्पिटलच्या दारात एक लांबलचक ढेकर आला आणि कळ गायब!

शंकर म्हणाला, "सायेब, वैनींना ह्यातलं आता काय काय सांगू?"

*

ईसीजी नॉर्मल. तरी खबरदारी म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली. पुढच्या कळेला ती ठेवली, चुटकीसरशी आराम! झालं, घरात माझं हृदय खराब ठरलं. सुनंदा मला नारळाची पिशवीसुद्धा उचलू देईना. मीही रिमोट हातात धरून निष्ठेने आजारी राहिलो.

पुढे अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिन्या आरशासारख्या स्वच्छ! सुनंदाने घरी आल्या आल्या पिशवी माझ्या हातात दिली.

*

मग पणजीच्या पोटाच्या डॉक्टरांनी टेस्ट सांगितली. नाकातून बारीक नळी थेट अन्ननलिकेत! टेस्ट करणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, मी सांगेन तेव्हाच गिळायचं."

नको म्हटल्यावर तोंडात पाट वाहू लागला. मी गिळलं. "काका!" परत गिळलं. "काका!!"

पंचवीस वर्षं साहेबांचं सगळं निमूट गिळलेला माणूस मी. सवय अशी सुटते होय?

*

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं काही नाही. अन्ननलिका मध्येच आवळली जाते, म्हणून कळ येते. ती गोळी तिलाही सैल करते, म्हणून सगळे फसले. फार गरम, फार थंड टाळा. दुर्मीळ आहे हे."

दुर्मीळ! मी ते अर्ध्या पेडण्याला सांगितलं.

सुनंदा म्हणाली, "चला, तुमच्याकडे दुर्मीळ असां कायतरी गावला!"

*

आमच्या प्राचीला डिचोलीचं स्थळ आलं. मंडळी घरी आली, चहा आला. गडबडीत मी वाफाळत्या चहाचा मोठा घोट घेतला, आणि नेमकं तेव्हाच मुलाचे वडील म्हणाले, "आमका कांय नाका. फकत तुमची चली जाय." म्हणजे देणंघेणं काही नको, फक्त मुलगी हवी.

कळ आली! मी छाती धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून शब्द फुटेना.

सुनंदा गोळी आणायला उठली. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मला मिठीच मारली. "पोरीवर एवढी माया! अशा घरची मुलगी आम्ही सोडत नसतो!"

सुनंदा हळूच खाली बसली. मीही काही बोललो नाही. बोलताच येत नव्हतं!

लग्न झालं. पाठवणीला रडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. प्राची पाया पडायला वाकली आणि मी मांडवात सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो.

व्याही जवळ आले. पाठीवरून हात फिरवत कानाशी म्हणाले, "अवो, आज तर गरम च्या पण घेतला नाहीत तुम्ही!"