मधल्या खोलीतला ओला पट्टा

आधीच सांगून टाकते — या पेजवरचे अनुभव वाचून घाबरणाऱ्यांतली मी नाही. मी खाली खोचक कमेंट टाकणाऱ्यांतली आहे. "ताई, पित्त झालं असेल, लिंबूपाणी घ्या" असं कोणी तरी लिहिलेलं आठवतंय? तीच मी. जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर बी उगवलं की नाही एवढंच बघायचं... उगवलं तर उगवलं, नाही तर नाही. मधलं काही आमच्याकडे नसतं. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय, तर हसायचं तर खुशाल हसा.

आमचं घर जुन्या जालन्यात आहे. बैठं, एकामागे एक तीन खोल्या. सासऱ्यांनी — आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो — जमेल तसं बांधत नेलं. त्यामुळे प्रत्येक खोलीला वेगळी फरशी. बैठकीत शहाबादी, मधल्या खोलीत मोझॅक, स्वयंपाकघरात काळा कडप्पा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. उंचीसुद्धा कमी-जास्त, दारापाशी बोटभर कड वर आलेली. नवीन सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, हे घर आहे का फरशीच्या दुकानातले नमुने!

काचबिंदूनं अण्णांची नजर कित्येक वर्षांपूर्वीच गेली. पण घरात ते असे चालायचे की नव्या पाहुण्याला कळायचंही नाही. बैठकीतल्या खुर्चीतून उठायचे, मधली खोली ओलांडायचे, स्वयंपाकघरात माठातून तांब्या भरून पाणी प्यायचे आणि परत. हात धरलेला आवडायचा नाही. आम्ही कौतुकानं म्हणायचो, अण्णांना घर पाठ आहे. सासूबाई — त्यांना सगळं घर 'बाई' म्हणायचं, माहेर शहागडचं, बोलणं कमी आणि काम जास्त — त्यांनीसुद्धा अण्णांना कधी हात दिलेला मी पाहिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास न देता. त्यानंतर दुपारची पंचाईत झाली. माझा नवरा सुधीर अंबडच्या कॉलेजात शिकवतो, मी एमआयडीसीत, आणि घरकामाला येणाऱ्या सुमन मावशी सकाळी अकराला जातात. म्हणजे दुपारभर अण्णा एकटे. एकदा दारातल्या त्या कडेला त्यांचा अंगठा आपटला आणि नख निघालं. मी घरी आले तर मोझॅकवर रक्ताचे थेंब, आणि हे खुर्चीत बसून म्हणतायत, "काही न्हाई गं, जरासं लागलं." माझा जीव अर्धा झाला. त्याच दिवशी मी ठरवलं, या सगळ्या फरश्या काढायच्या आणि तिन्ही खोल्या एका लेव्हलला आणायच्या.

सुधीरच्या एका मित्राकडे संभाजीनगरला इंजिनिअर्ड वूडचं फ्लोअरिंग बघितलं होतं. वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लाय. पायाला मऊ, आणि म्हातारं माणूस पडलंच तर दगडापेक्षा बरं. अण्णांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, तेवढा मोडता घातला. म्हणाल्या, "वर्षसराद होऊ दे गं माय. वर्षाच्या आत तिच्या घरातलं काही हलवू नये." मी म्हटलं, "आत्याबाई, फरशीच बदलायचीय, लग्न न्हाई लावायचं तिचं." जाताना त्या मोझॅककडे बघत राहिल्या.

जुन्या फरश्या फोडून ट्रॅक्टरनं नेल्या. एकूण एक तुकडा माझ्यासमोर गेला, हे लक्षात ठेवा, कारण पुढं तुम्ही विचारणारच. खाली सिमेंटचा थर करून लेव्हल केली, त्यावर फोमचा कागद आणि वर फळ्या. फिटरनं जाताना बजावलं, "मॅडम, पाणी या फ्लोअरचा दुश्मन आहे. ओलं पुसायचं नाही, कोरडा मॉप मारायचा." मी घरात फर्मान काढलं. सुमन मावशींना तर इतकं घोकवलं की त्या म्हणाल्या, "ताई, आता सपनातबी पाणी न्हाई सांडायची मी."

घर काय दिसत होतं म्हणून सांगू! तिन्ही खोल्या मधासारख्या एका रंगाच्या. शेजारपाजार बघून गेला. आणि अण्णा उठून चालायला लागले ते मधल्या खोलीत थांबले. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. भिंत चाचपली. "सुधीर," म्हणाले, "मी कुठं हाय रे?"

सुधीरनं हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. आम्हाला वाटलं, नवीन आहे, होईल सवय. नाही झाली. अण्णा खुर्चीतून उठेनासे झाले. रबराची मॅट अंथरून बघितली, तर तिचीच कड पायात येऊन पडता पडता वाचले. मग मी खुर्चीजवळ पाण्याची बाटली ठेवायला लागले. संध्याकाळी यायची तर बाटली भरलेलीच. विचारलं की म्हणायचे, तहान न्हाई लागली. नंतर सुधीरच्या लक्षात आलं... बाथरूमला जावं लागू नये म्हणून ते पाणीच पीत नव्हते. जालन्याच्या उन्हाळ्यात! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे चालले नाहीत तर पाय जातील. आणि या वयात पाय गेले की अंथरूण धरायला वेळ लागत नाही." मी बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि रडले. करायला गेले गणपती, झाला मारुती.

त्यानंतर काही दिवसांनी लॅबमध्ये वीज गेली, जनरेटरही बंद पडला, आणि मी भर दुपारी घरी आले. किल्लीनं दार उघडलं. खुर्ची रिकामी!

"अण्णा!" म्हणून ओरडले, तर आतून आवाज आला, "जल्दी आलीस आज."

स्वयंपाकघरात माठापाशी उभे होते. हातात तांब्या, ओठावर पाणी, चेहरा असा निवांत की विचारू नका. आणि माझी नजर खाली गेली. खुर्चीपासून मधल्या खोलीतून थेट माठापर्यंत फ्लोअरवर एक ओला पट्टा होता. दीड-दोन हात रुंद, फडक्यानं पुसल्यासारखा, मध्ये कुठं तुटलेला नाही. कडेकडेनं वाळायला लागला होता.

खरं सांगते, मला आधी अण्णा चालले याचा आनंद नाही झाला. आधी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथूनच सुमन मावशींना फोन लावला आणि लाख बोलले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ताई, मी तर अकरालाच गेल्ते. पोरीची शप्पथ. आत्ता बजारात उभी हाय, आवाज ऐका न." आवाज बाजाराचाच होता. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाहेर एवढं रणरणतं ऊन आहे, हा पट्टा दहा-पंधरा मिनिटांत वाळणार. म्हणजे पुसलाय तो आत्ताच. आत कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती. फडकं दोरीवर पापडासारखं वाळलेलं. अण्णांचे गुडघे वाकत नाहीत, आणि हात त्यांचे कोरडे होते.

"अण्णा, तुम्ही आलात कसे इथपर्यंत?"

"पायाला गार लागलं, तसा तसा आलो."

"पण..."

"शहाबादी खरबरीत असती बघ," अण्णा म्हणाले. "मोझॅक गुळगुळीत. आन् कडप्पा गार. कड लागली की समजायचं, खोली बदलली. तसाच फिरत होतो इतकी वर्षं. आता समदीकडं सारखंच. डोळे दुसऱ्यांदा गेल्यावानी झालं."

घर पाठ वगैरे काही नव्हतं. त्या बेमेळ फरश्या त्यांचे डोळे होत्या, आणि आम्ही त्या ट्रॅक्टरमध्ये भरून दिल्या होत्या. "मग सांगितलं का नाही, अण्णा? फोडायच्या आधी एक शब्द बोलायचं ना!"

"तुम्ही माझ्यासाठीच करून राह्यले होते. इतक्या हौसेनं, इतका खर्चा करून. त्यात मी कुठं मोडता घालू?" मग जरा थांबून म्हणाले, "तू तिच्यावर चिडू नको."

"कोणावर? सुमन मावशीवर?"

त्यांनी तांब्या पालथा घातला आणि पट्ट्यावर पाय टेकवत खुर्चीकडे निघाले. हात कुठंच लावला नाही. मी त्यांच्या मागून हात पसरून चालत होते, पडलेच तर धरायला, पण गरज लागली नाही.

मी सायन्सवाली बाई. फिटरला बोलावलं. त्यानं फळीवर ओलावा मोजायचं यंत्र ठेवलं. कोरडं! मधल्या खोलीखालून पाण्याची लाइन जात नाही, हे आमच्या प्लंबरनं सांगितलं. आणि लाइन फुटून पाणी असं सरळ रेघेत, फडक्याच्या वळणांसकट वर येतं का? लंचमध्ये मी मुद्दाम घरी यायला लागले. रोज नाही, पण पुष्कळदा पट्टा दिसायचा. एकदा तर इतका ताजा की त्यात माझं प्रतिबिंब दिसलं. मी उकिडवी बसून निरखून बघितलं. पुसताना हाताच्या कमानी उमटतात ना, तशा उमटल्या होत्या. शेजारच्या फळ्यांवर मी स्वतः फडकं फिरवून बघितलं. माझ्या कमानी एका बाजूला वळत होत्या, या बरोबर उलट्या. मी पुन्हा फडकं घेतलं, या वेळी डाव्या हातात. जुळल्या.

बाई डावखुऱ्या होत्या.

मला भीती वाटली का? नाही वाटली. खरंच नाही. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि इतकं भरून आलं की बस्स. एवढी वर्षं एका घरात राहून मी बाईंशी कधी दोन शब्द प्रेमाचे बोलले असेन-नसेन, आमचं आपलं भाजीत मीठ किती यावरच चाललेलं असायचं. त्या दिवशी त्या रिकाम्या खोलीला मी म्हटलं, "बाई, पाणी वापरा हो. लागेल तेवढं वापरा." काय माझं डोकं! पण म्हटलं.

तुम्ही विचाराल, कॅमेरा का नाही लावला? सुधीर घेऊन आला होता. मी लावू दिला नाही. समजा त्यात कोणी दिसलं असतं तर? आणि समजा कोणीच दिसलं नसतं तर? मला दोन्ही नको होतं. अण्णा पाणी पीत होते, चालत होते, बैठकीतून ओरडून मला "चहात साखर कमी हाय" म्हणून सांगत होते. डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारतेय, काय केलंत? मी म्हटलं, काही नाही, फरशी बदलली.

मग वर्षश्राद्ध आलं. आत्याबाई आल्या, पान वाढलं, कावळाही लगेच शिवला. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीच घेतली होती. दुपारी मी मधल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. फ्लोअर कोरडं ठणठणीत. अण्णांची उठायची वेळ झाली. ते उठले. उजवा पाय पुढं टेकवला, चाचपला, मागं घेतला. परत टेकवला. जरा डावीकडं, जरा उजवीकडं. चेहऱ्यावर काही नाही, फक्त तो पाय शोधत होता. मग ते हळूच परत खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवले.

मला ते बघवेना. उठले, बादली भरली, पदर खोचला आणि खुर्चीपासून माठापर्यंत पुसत गेले. फिटर गेला खड्ड्यात! "अण्णा, उठा," म्हटलं, "पाणी प्या चला."

अण्णा उठले. पाय ठेवला, गार लागलं, निघाले. मधल्या खोलीच्या मध्यात पोचल्यावर थांबले.

"आज तू पुसलं का गं?"

"हो... कसं कळलं?"

"लई पाणी ठिवलंय. ती घट्ट पिळायची."

एवढं बोलून पुढं गेले आणि माठातून पाणी प्याले. मी फडकं हातात धरून तशीच बसून राहिले, बादलीत डोळ्यांतलं पाणी टपटपत होतं.

त्यानंतर तो पट्टा आपोआप कधीच उमटला नाही. आता रोज सकाळी निघताना आणि दुपारी धावत येऊन मीच पुसते. सुधीर म्हणाला, सगळं उखडून परत शहाबादी टाकू, तर अण्णांनी "राहू दे" म्हणून सांगितलं. माझ्या पुसण्यानं पंधरवड्यातच मधल्या फळ्यांच्या कडा फुगल्या. त्याआधी दीड-दोन महिने त्याच फळ्यांवर पाणी फिरत होतं आणि एक कड वर आली नव्हती. फिटरला विचारलं, त्याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, मी वाचेन, भांडणार नाही. तोवर मी आपली फडकं घट्ट पिळायला शिकतेय.