तळं बंद हाय!

जाळं ओढलं की मासळीच येते असं नाही. चप्पल येते, बाटली येते, एकदा तर कुणाच्या तरी बैलाची घुंगुरमाळ आली. राखणदारीचंही तसंच आहे. बसलो तळं राखायला आणि गोळा झाले किस्से. टपरीवर मंडळी म्हणतात, "मामा, एखादा काढा." पण मी बोलायला हळू. माझा किस्सा संपेस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा निवून जातो. म्हणून लिहून काढले. शाळा चौथीपर्यंतच झाली, सांभाळून घ्या.

अर्धापूरच्या पुढं केळीच्या बागा संपतात तिथं आमचं तळं आहे. तळ्यावर मच्छीमार सोसायटी, सोसायटीत तीस घरं. मधे काही वर्षं ज्याच्या मनाला येईल तसा त्यानं मासा धरला. पावसाळ्यात अंड्यावर आलेली मासळी धरली, बोटाएवढी पिल्लं धरली, कुणी पाण्यात सुरुंगाचे बार उडवले. तळं रिकामं झालं.

मग मत्स्यखात्याच्या कचेरीचा कागद आला. पावसाळ्याचे दोन महिने तळं बंद. बारीक जाळं बंद. बार बंद. आणि खाली लिहिलेलं, बंदीत मासा धरल्याचं एकदा जरी सापडलं तर तळं बाहेरच्या ठेकेदाराला!

चेअरमन दिगंबररावांनी मीटिंगमधे तो कागद तीनदा वाचला. म्हणाले, "तळं गेलं तर आपण तीस घरं काठावर बसून दुसऱ्याची मासळी मोजायची का? आता आपले पोलीस आपणच. मामा, तुम्ही राखणदार!"

तीस घरांनी हात वर केले. ठरलं म्हणजे ठरलं!

* * *

पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या काठाला एकजण जाळं घेऊन उतरला. मी ओरडायला सुरुवात केली, "बाबा रे... बंदी हाय... जाळं..."

माझं वाक्य पुरं होईस्तोवर त्यानं जाळं टाकलं, ओढलं, गुंडाळलं आणि सायकलवर बसून गेलासुद्धा! नशीब, जाळ्यात नुसतं शेवाळ आलं होतं.

दिगंबरराव कपाळाला हात लावून म्हणाले, "मामा, तुमचं वाक्य संपेपर्यंत मासळीला नातवंडं होतील!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिट्टी आणून दिली.

* * *

मग वरून बोर्ड आला. पत्र्याचा, निळा, एकदम झकास. दत्तूनं वाचून दाखवला. दत्तू सोसायटीचा सेक्रेटरी, आमच्यातला जरा शिकलेला. त्यावर लिहिलेलं, "समुद्रकिनाऱ्यालगत ट्रॉलर आणू नये. परदेशी जहाजांना सक्त मनाई."

कोकणातला बोर्ड चुकून आमच्याकडं आलेला!

दत्तू म्हणाला, "परत पाठवू."

दिगंबरराव म्हणाले, "मनाई लिहिलंय ना? मग लावा!"

लावला. चार दिवसांनी हिमायतनगरकडचा एक पाहुणा तिथून चालला होता. त्यानं बोर्ड वाचला, तळ्याकडं पाहिलं, परत बोर्ड वाचला. मग मला विचारलं, "काहो मामा, हितं जहाजं येऊन राहिलीत का?"

मी नीट विचार केला आणि सांगितलं, "बोर्ड लावल्यापासून... एक बी न्हाई आलं."

* * *

आरोग्य केंद्रानं घरोघर मच्छरदाण्या वाटल्या. फार चांगलं काम. पण मच्छरदाणीइतकं बारीक जाळं दुसरं नाही! दोन बायका दोन टोकं धरून उथळ पाण्यातून चालल्या की मोहरीएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. आठवड्यात मी अकरा मच्छरदाण्या धरल्या आणि माझ्या खोपीत रचून ठेवल्या.

मग सिस्टर आल्या तपासणीला. गावात मच्छरदाणी कुठंच दिसेना. शेवटी खोपीत डोकावल्या.

"मामा! एका खोपीत अकरा?"

मी म्हणालो, "सिस्टर, ह्यांनी पिल्लं धरली. म्हणून अटकेत हायत."

सिस्टर हसल्या नाहीत. अकराही घरच्या बायकांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, या मच्छरदाण्यांना जामिनावर सोडा. रोज संध्याकाळी खाटेवर हजेरी! मी बघायला येणार."

आणि त्या खरंच आल्या, महिनाभर.

* * *

जाळ्याचं भोक केवढं असावं ते कागदात आकड्यात लिहिलं होतं. आकडा कुणाच्या ध्यानात राहीना. मग दत्तूनं एकदा नीट मोजून पाहिलं. माझी दोन बोटं जोडून भोकातून आरपार गेली की जाळं नियमात! तेव्हापासून सोसायटीचं माप म्हणजे माझी बोटं. बोटं अडकली की जाळं जप्त.

"मामा, तुमची बोटं लई जाड हायत!" अशी तक्रार आली. मीटिंगमधे चर्चा झाली. बोटं कायम राहिली.

नवीन जाळी घ्यायला मंडळी नांदेडला गेली. दुकानदार म्हणाला, "माप काय आणलंय?"

दिगंबररावांनी मला पुढं ढकललं. "हे काय, संगं घेऊनच आलो!"

* * *

या दत्तूला उजव्या हाताला अंगठा आणि एकच बोट आहे. विहीर फोडायचा सुरुंगाचा तोटा त्यानं तरुणपणी मासळीसाठी पाण्यात टाकला. टाकायला जरासा उशीर झाला. तो ते सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. हिशेब डाव्या हातानं लिहितो आणि अक्षर मोत्यासारखं.

एक दिवस भर दुपारी तिघंजण मोटारसायकलवर आले. पिशवीत तोटे. मी शिट्टी वाजवली तर हसायला लागले. "म्हाताऱ्या, तू काय करणार बे?"

मी म्हणालो, "काही न्हाई करणार. पाणी प्या. आणि बार उडवायच्या आधी आमच्या सेक्रेटरीशी हात मिळवून जा."

दत्तू खोपीतून बाहेर आला. त्यानं उजवा हात पुढं केला. पहिल्यानं तो हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही.

पिशवी गाडीवर तशीच बांधून तिघं परत गेले. दत्तू एवढंच म्हणाला, "मामा, त्याचा हात लई गार पडला व्हता."

* * *

तोवर कचेरीत नवे साहेब आले. रेणापूरकडचे, शेतकऱ्याघरचे, कामाला कडक. परदेशी मांगूर नावाचा मासा आणायला, पाळायला बंदी आहे. तो पाण्याशिवायही बराच वेळ जगतो आणि तळ्यात सुटला की आपली मासळी गिळून टाकतो. असा मांगूर टेम्पोनं येतोय म्हणून साहेबांना खबर लागली. पंच म्हणून त्यांनी मला नि दिगंबररावांना देगलूरच्या रस्त्यावर नेलं.

एक टेम्पो आला, वर ताडपत्री. साहेबांनी थांबवला. ड्रायव्हर तेलंगणातला. हात जोडून म्हणाला, "झेंडू, सार! दसऱ्याचा झेंडू!"

वर खरोखरच झेंडूचा थर होता. साहेबांनी वास घेतला. सोडा म्हणणार, एवढ्यात झेंडूचा ढीग मधोमध उचलला गेला आणि परत खाली बसला.

दिगंबररावांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "काहो दादा, फुलांना उचकी लागून राहिली का?"

* * *

आता शेवटचा.

पुढच्या पावसाळ्यात, ऐन बंदीत, साहेब न कळवता तपासणीला आले. काठानं सगळीकडं फिरले. जाळी बघितली, दत्तूची हिशेबाची वही बघितली. एक चूक सापडली नाही. आम्हाला वाटलं, आता तळं आपलंच!

पण आमच्याकडं रीत अशी, की तळ्यावर आलेल्या माणसाला मासळीचं जेवण घातल्याशिवाय पाठवायचं नाही. दिगंबररावांनी हळूच अर्धापूरला गाडी पिटाळली आणि बर्फातला, आंध्रातून आलेला रोहू आणवला. माझी बायको सगुणा कालवणाला बसली. तालुक्यात तिच्या हाताला तोड नाही. लग्नकार्याला लोक गाडी पाठवून तिला नेतात. मासा हातात घेऊन ती म्हणाली, "चेअरमन, बंदीत साहेबाम्होरं मासा?"

"बाहेरचाच हाय की, वयनी!"

साहेब जेवायला बसले. सोसायटीची सगळी मंडळी भोवती कौतुकानं उभी. साहेबांनी चार घास खाल्ले आणि हात थांबवला.

"चेअरमन, तळं बंद आहे ना?"

"हाव साहेब. कडेकोट!"

"मग ताटात हे काय आहे?"

तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. दिगंबररावांचा चेहरा पांढरा झाला. "साहेब, बाहेरचा... बर्फाचा..."

"बाहेरची मासळी आणली तर पावती ठेवायची, हा कागदातलाच नियम आहे. पावती?"

एका माशाची पावती कोण घेतो? बर्फ केव्हाच वितळून गेला होता. साहेबांनी डाव्या हातानं आपली वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. तीस घरांची माणसं त्या पेनाकडं बघत उभी होती. दत्तूनं खाली बघितलं.

सगुणा चुलीपासून उठली. हात पदराला पुसले, डोईवरचा पदर नीट केला आणि साहेबांच्या ताटासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, खरं सांगा. अर्धा मासा ताटात तसाच पडलाय. आमच्या तळ्याचा ताजा असता तर माझ्या हातचं कालवण तुमच्या ताटात उरलं असतं का?"

साहेबांनी ताटाकडं पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाले,

"आक्का, ही बंदी उठते कधी?"