एबीएसचा दिवा आणि नंबराची बाजू

दुसरा नवा सेन्सर बसवूनही दिवा पेटलेलाच होता. मी ड्रायव्हर सीटवर डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या एबीएस अक्षरांकडे बघत बसलो. बाहेर शेळगावचे नामदेवतात्या उभे होते.

"जातुय का न्हाय ओ, मिस्त्री?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

इंदापूर-बारामती रस्त्यावर माझं गॅरेज आहे. तात्यांची बारा वर्षांची मोटार पहिल्यापासून माझ्याच हाताखालची. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, याची सोय. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय ते तो गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. एका चाकाची जरी खबर आली नाही, तरी कॉम्प्युटर ही सोय बंद करतो आणि दिवा लावतो. साधा ब्रेक तरीही लागतो.

हे मी काकूंना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, दोनदा समजावलं होतं. त्यांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून दोनदा बारामतीला. दिवा पेटल्यापासून त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या.

"ब्रेक चांगला हाय म्हणताय, मंग दिवा कशापायी पेटलाय?" त्या म्हणाल्या. "आन् तुमालाच कळंना झालंय, तर मी कुणाच्या भरवशावर बसू?"

त्या एसटीनं जायच्या. येताना अंगात त्राण नसायचं, आणि जागा मिळाली नाही तर तात्यांच्या खांद्याला धरून उभ्यानं यायच्या. हे ऐकलं की मला माझीच लाज वाटायची.

"कॅनॉलवर गाडी धुतली, तवापासनं हाय बगा," तात्या म्हणाले होते. म्हणून मी पाण्याच्या मागे लागलो. स्कॅनर सांगत होता, पुढचं डावं चाक, सिग्नल नाही. कनेक्टर सुकवला, वायर तपासली. सगळं ठीक. सेन्सर बदलला, दिवा तसाच. नवाच खराब निघाला असेल म्हणून आणखी एक आणला. तोही मुका. मग तो उजवीकडे लावून पाहिला, तर तिथं व्यवस्थित चालला! उजवीकडचा चांगला सेन्सर डावीकडे लावला, तो गप्प. वायर चांगली, सेन्सर चांगला, मग खबर जाते कुठं? माझं डोकं चालेनासं झालं.

पुण्यातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, "मॉड्यूल गेलं असणार. काढून पाठवा." मॉड्यूल म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर.

"किती दिवस?"

"पंधरा तरी धरा."

तात्यांना सांगितलं. ते घड्याळात बघून एसटी स्टँडकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉड्यूल काढण्याआधी दुसऱ्या एका गाडीच्या चाकाचं बेअरिंग बसवायला घेतलं. ते ग्राइंडरशेजारी पडलं होतं. उचललं तर एका बाजूला लोखंडाचा कीस चिकटलेला. पुसला, ग्राइंडरजवळ धरलं, परत चिकटला. दुसरी बाजू स्वच्छ. कीस धरणारी बाजू छापलेल्या नंबराची होती.

आमच्या उस्तादांची शिकवण होती, बेअरिंग बसवताना छापलेला नंबर बाहेर ठेवायचा. पुढं कुणी चाक खोललं, तर बेअरिंग न काढता साइज वाचता येते. जुन्या बेअरिंगला दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे तीस वर्षं काही बिघडलं नाही. या नव्या जातीत नंबराच्या बाजूला सीलमध्ये चुंबक असतं, आणि आतल्या अंगाला बसलेला सेन्सर तेच वाचतो. तात्यांच्या डाव्या चाकाचं बेअरिंग मीच नंबर बाहेर ठेवून बदललं होतं, गाडी धुतली त्याच्या आदल्या दिवशी. ट्रायल घेताना माझे कान चाकाच्या आवाजाकडे होते. डॅशबोर्डकडे मी बघितलंच नव्हतं. दिवा तेव्हाच पेटला असणार, तात्यांच्या तो दुसऱ्या दिवशी गाडी धुतल्यावर लक्षात आला.

नवं बेअरिंग आणलं, नंबर आत ठेवून बसवलं आणि गाडी स्वतः शेळगावला नेली. वाटेत दोनदा करकचून ब्रेक दाबला. दिवा आला नाही.

"काकू, चूक माझीच होती," मी दारातच सांगितलं. "बेअरिंग मी उलटं बसवलं होतं."

तात्या कावरेबावरे झाले. काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं.

"आता कळलंय नव्हं, काय झालं हुतं ते?"

"कळलं."

"मंग बसती," म्हणाल्या, आणि दवाखान्याची फाइल आणायला आत गेल्या.

आता कुठलीही गाडी आली, की तिला शेवटचा हात कुणाचा लागला होता, हे मी आधी विचारतो. 'तुमचाच' असं उत्तर आलं, तर सेन्सर मागवण्याआधी माझंच काम खोलून बघतो.