साहेबांच्या कढया, बाईंच्या खोल्या

आमच्या गावाला दोन मोठी माणसं लाभली. दोघंही आता नाहीत.

साहेबांनी कालवा आणला, डांबरी सडक आणली. त्या सडकेमुळंच माझ्या आईला दवाखान्यात वेळेवर नेता आलं, हे मी विसरत नाही. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांची शाळा सुटू नये म्हणून शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या आम्हाला सांभाळायच्या. त्यांच्यामुळं मी सातवी झाले. पुढं लग्न, आणि आता सुरत. साड्यांचे धागे कापते. बँकेत अंगठा उठवत नाही, सही करते. हे बाईंचं देणं.

साहेबांची पुण्यतिथी गाव जोरात करतं. मोठा फ्लेक्स, भजन, गावजेवण. बाईंनी जिवंतपणी स्वतःचा फोटो लावू दिला नाही, म्हणून त्या गेल्यावरही कुणी लावला नाही. मान राखला म्हणे! मग त्या खोल्या कशाच्या हेच लोक विसरले, आणि पंगतीच्या कढया-पातेली ठेवायला त्या बऱ्या पडल्या.

यंदा भावाची पोरगी आठवीत गेली. भाऊ-भावजय तोडीला गेल्यावर तिला बघणारं घरात कुणी नाही. दसऱ्याला भावाला फोन केला. तो पुण्यतिथीच्या कमिटीत.

“बाईंच्या खोल्या रिकाम्या करा की रे. पोरी राहतील. पाळीपाळीनं कुणीतरी भाकरी टाकील.”

“आक्का, साहेबांच्या कढया काय उकिरड्यावर ठिवू? लोक जोड्यानं हाणतील मला.”

“आन् पोरीला उसाच्या फडात नेतोस, ते चालतंय?”

“तू कावून तापायलीस? साहेबांनी काय कमी केलं का गावाचं?”

“न्हाई रे. लई केलं.”

“मग? पुण्यतिथी होऊ दे, बघू.”

पुण्यतिथी झाली. दुसऱ्याच दिवशी तोडीचा ट्रॅक्टर निघाला. भाची भांड्याकुंड्यांवर बसून गेली.

तिला माझ्याकडं पाठव, हे ओठावर आलं होतं. पण एका खोलीत आम्ही, दीर-जाऊ, त्यांची लेकरं. नवऱ्याला विचारायचं धाडसच झालं नाही. भावाला खोल्या मागायला मात्र मी शहाणी.

कधी वाटतं, बाईंनी एक फोटो तरी लावू द्यायला हवा होता. हार घालायच्या निमित्तानं कुणी दार उघडलं असतं. कालवा एकदा खोदला की वाहतो. बाईंच्या कामाला रोज संध्याकाळी कुणीतरी पीठ मळायला लागायचं.

परवा फडावरून भाचीचा फोन आला.

“आत्या, पुस्तक आणलंय मी. गणित सांग की.”

म्हटलं, वाच. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मला काही कळेना. ते सातवीच्या पुढचं होतं.

“आत्या, ऐकू येतंय ना?”

“येतंय गं. परत एकदा वाच.”