साडूच्या पत्रिकेतला गणपती

सेलूला साडूकडे कॉम्प्युटर आला म्हणून बघायला गेलो आणि गेल्या गेल्या त्याच्या काचेवर बोट टेकवलं. पडद्यावरची एक रेघ मला तिरकी वाटली होती, आणि ती कुठं तिरकी आहे हे दाखवल्याशिवाय मला राहवलं नाही. सकाळीच परभणीत एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढून निघालो होतो. हात टर्पेंटाइननं धुतले होते, पण नखाच्या कडेला लाल रंग राहिलाच होता. काचेवर मिरीएवढा ठिपका उठला. साडूला वाटलं, तो चित्रातच कुठून तरी आलाय. बिचारा माऊस सरकवून तो पुसायला लागला. पडद्यावरचा बाण ठिपक्यावरून पुन्हा पुन्हा फिरे आणि ठिपका जागचा हलेना. खरं काय ते मला कळलं होतं, पण मी गप्प बसलो. उलट, असं नेहमी होतं का हो, म्हणून काळजीनं विचारलं. शेवटी मेहुणीनं नखानं तो खरवडला, नाकाशी नेला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सेलूत त्याचा छोटा छापखाना. कापसाच्या आडतीवाल्यांची पावतीपुस्तकं, हँडबिलं, लग्नसराईत पत्रिका. मी परभणीत स्टँडजवळचा पेंटर. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, आणि पत्रिकेवरचा गणपती आणि वरची मोठी अक्षरं. इतकी वर्षं आमचं बरं चाललं होतं. मी काढायचं, त्यानं छापायचं. आता त्याच्याकडे एक असं यंत्र आलं होतं की त्याला माझी गरज उरली नव्हती. घरातला कूलर त्यानं कॉम्प्युटरच्या खोलीत नेला होता. मेहुणीनं कॉम्प्युटरला झालरीचं कापडी टोपरं शिवलं होतं. आमच्या घरी मला कधी कुणी झालर लावली नव्हती.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज रंगवलेली भिंत उद्या कुणीतरी पुसलेली असे, मधूनच एसटी बंद पडे, आणि बाजार बसला की बोर्डाची कामंही बसत. रेल्वे तेवढी चालू असायची. त्या रेल्वेनं माझी गिऱ्हाइकं सेलूला जायला लागली. जाताना दुकानासमोरून जात आणि मान हलवून जात, हे जास्त लागे.

तेवढ्यात पाथरीला सासुरवाडीत तिसऱ्या मुलीचं, म्हणजे शेंडेफळाचं, लग्न ठरलं. त्या घराची एक रीत होती. पत्रिका बाहेर छापायला द्यायची नाही, जावयानं करायची. दुसऱ्या मुलीची, म्हणजे खुद्द साडूच्या लग्नाची पत्रिका मीच काढली होती. तो गणपती पाहून मांडवात लोकांनी पत्रिका जपून ठेवल्या होत्या. निदान मला तसं वाटत आलं होतं. आता जावई दोन झाले होते. सासऱ्यांनी निरोप धाडला की दोघांनीही नमुना करून आणा, नजरेत भरंल तो छापू. थोरल्या जावयाला, म्हणजे मला, नमुना आणायला सांगितला होता. मी तीन घास कमी जेवलो. बायकोनं तसं दाखवून न देता माझ्या ताटातली भाकरी उचलून ठेवली.

परभणीत तेव्हा औषधाच्या दुकानावर, माडीवर, कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. चपला जिन्यात काढून आत जायचं. आत सगळी कॉलेजची पोरं, आणि मध्ये मी, केसांना चुना लागलेला. शिकवायला औरंगाबादहून आलेल्या एक मॅडम होत्या, माझ्याहून निम्म्या वयाच्या. त्यांनी चित्र काढायची दोन सॉफ्टवेअरं दाखवली. एकात नुसत्या रेघा ओढायच्या. रेघेवर बारकी टिंबं असतात, टिंब धरून ओढलं की रेघ वळते. दुसऱ्यात रंगाची बादली, ब्रश, फवारा, सगळं चित्रासकट मांडून ठेवलेलं. मॅडम म्हणाल्या, काका, छपाईचं काम असेल तर पहिलं शिका. त्यातलं चित्र कितीही वाढवलं तरी बिघडत नाही.

साडूच्या पडद्यावर मी तीच टिंबं पाहिली होती. झालं. मी दुसरं घेतलं. मॅडमना सांगितलं की आम्ही ब्रशवाली माणसं, आम्हाला हेच जवळचं. मनात होतं ते असं की साडू ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं मागून जायला मी काही त्याची वरात नव्हे.

ज्या हातानं मी शिडीवर उभं राहून एका श्वासात सोंड काढायचो, तो हात माऊसवर ठेवला की म्हाताऱ्याचा होई. सोंड काढायला गेलो की साप निघे. कान काढला की सुपारीचं पान. बादलीनं रंग ओतला की कुठल्या तरी फटीतून सगळ्या पडद्यावर पसरे, आणि माझा गणपती पुरात उभा असल्यासारखा दिसे. पोरं मान खाली घालून हसत. पण जिद्द होती. मी सोंडेवर बसलो की मला समोर साडूचं तोंड दिसे, आणि हात चाले. अखेरीस पडद्यावर एक गणपती उभा राहिला. लहानच होता, पण देखणा. मॅडमसुद्धा छान म्हणाल्या.

पत्रिकेच्या मापाला मोठा करून छापला तेव्हा सोंडेला पायऱ्या पडल्या. पोटाच्या गोलाईला, कानाला, सगळीकडे पायऱ्या. मॅडमनी ते पहिलं सॉफ्टवेअर पुन्हा एकदा उघडून ठेवलं. मी मनाशी म्हटलं, सासऱ्यांना चाळशीशिवाय दिसत नाही.

पाथरीला सासरे ओसरीवर बाजेवर बसले होते. त्यांनी चाळशी मागवली. माझा कागद आधी घेतला, थोरला म्हणून. लांब धरला, जवळ धरला. मग अगदी आदरानं विचारलं, "जावईबापू, ह्यो गणपती विटांनी बांधलाय व्हय?"

मी म्हटलं, आताची फॅशन आहे. सासरे बरं म्हणाले आणि साडूचा कागद घेतला. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मान वाकडी करून मीही पाहिलं. काय ती सोंड, एका श्वासातली. काय तो कान. इतकं चांगलं ह्या माणसाला यायला लागलं कधी?

मग मला डाव्या हातातला मोदक दिसला. भलता मोठा मोदक. साडूच्या लग्नाच्या पत्रिकेवर गणपती काढताना माझ्या टाकातून शाईचा थेंब पडला होता, आणि तो झाकायला मी तिथं मोदक काढला होता. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तो मोदक इथं होता. सोंड माझी, कान माझा, थेंबसुद्धा माझा.

बोलणार कसं? माझा म्हणून मीच आणलेला विटांचा गणपती बाजेवर पडला होता. साडू माझ्याकडं बघत नव्हता. तो सासऱ्यांना म्हणाला, "मामा, छापतो मी. पण वरची अक्षरं साडूभाऊंच्या हातची पायजेत. कॉम्प्युटरातली सगळी एका साच्याची निघतेत." सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बघू म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो.

परतताना एसटीत बायको खिडकीला. मानवत आल्यावर मी म्हटलं, तो गणपती माझा होता.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी काढलेला मूळ कागद माझ्या पेटीत व्हता. सेलूच्या धाकटीनं मागितला, म्या दिला."

ती बाहेर बघत बोलत होती.

"त्यांना हातानं रेघ येत न्हाई. कॉम्प्युटर घिऊन बसलेत, पण काढायचं काय ते सुचंना. तुमाला मागायची लाज वाटायलती. लग्न झाल्यापासून तुमच्या हातावर जळायलेत ते, धाकटी सांगत असती. म्हनून तर कर्ज काढून तो डबा आनला."

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, नखाच्या कडेचा रंग अंगठ्यानं जरा पुसायला बघितला, आणि म्हणाली, "उद्याच्या गाडीनं सेलूला जावा, अक्षरं लिहून द्या. आन गेलात तर तेवढा मोदक बारका करायला सांगा. धाकटीच्या पत्रिकेवर पन लय मोठा दिसायलता. तवाच सांगनार व्हते, पन तुमी लय खुशीत व्हतात."