डोक्याचं काम

"हे डोक्याचं काम आहे. तुम्ही कोन आणि पाण्याचं बघा."

शुक्रवारची सकाळ. आखातातलं, सखीरकडचं मैदान. समोर चौदा मुलं, त्यात माझी बारा वर्षांची मुलगी. सगळ्यांदेखत टीमचे सेक्रेटरी साहेब मला हे बोलले. मराठीत बोलले. मराठी कळणारे तिथं आम्ही चौघंच. ते, त्यांचा मुलगा, मी आणि माझी मुलगी.

मी एसी टेक्निशियन. आधीच्या कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर सुट्टीच्या दिवशी मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवायचा. चार वर्षं त्याच्यासोबत राबलो, शिकलो. तो गेल्यावर इथल्या भारतीय मुलांची टीम मी उभी केली. ऑप्शन नावाची चाल मीच शिकवायचो. चेंडू घेऊन पळायचं, नजर कडेला अडवणाऱ्यावर ठेवायची. तो तुझ्या अंगावर आला, तर चेंडू शेजारून पळणाऱ्याकडे टाक. तो त्याच्याकडे वळला, तर चेंडू ठेव आणि तू घुस. आधी ठरवायचं नाही. बघून ठरवायचं. साहेबांचा मुलगा चेंडू घ्यायचा, माझी मुलगी शेजारून पळायची. चांगलं जमायचं दोघांचं.

तोवर साहेब मला 'कोच' म्हणायचे. माझं आडनाव गावावरून. काही कळायचं नाही. कुणी विचारलं तर "बुलढाण्याकडचे" म्हणून मी थांबायचो. मुद्दाम थांबायचो. मग एकदा मुलीनं माझ्या फोनवरून पालकांच्या ग्रुपवर आमचा बुद्धवंदनेचा फोटो टाकला. पुढच्या शुक्रवारी नवा कोच आला. आणि मला ते वाक्य ऐकावं लागलं.

मी खुणेचे प्लास्टिकचे कोन उचलले. साहेब आमच्याच कंपनीत मॅनेजर. व्हिसा रिन्यूअलचा कागद त्यांच्या सहीनं पुढं जातो. तीन शुक्रवार कोन मांडले. बाटल्या भरल्या. मी भरलेली बाटली साहेब घेत नव्हते. मुलालाही घेऊ देत नव्हते. गाडीतून आणायचे.

परत जाताना मुलीनं विचारलं, "बाबा, डिड यू डू समथिंग राँग?"

लपत मी होतो. म्हणून गुन्हा माझा वाटत होता तिला.

चौथ्या शुक्रवारी नवा कोच साहेबांच्या मुलाला सांगत होता, चेंडू सोडायचाच नाही. पोरगं दर वेळी आडवं होत होतं. शेवटी माझ्याकडे आलं. "अंकल, तो कडेचा माझ्यावरच येतोय. चेंडू शेजारी पिच करू?"

"कर."

साहेब धावत आले. "तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मी बाटल्यांचा क्रेट खाली ठेवला. "साहेब, मी बौद्ध आहे. महाराच्या घरातला. तुम्हाला ते कळलंय. आता माझ्या शिकवण्यात काय चुकलं, ते मुलांसमोर सांगा."

"इथं जात कुठून आली?"

"तुम्ही आणलीत. पाण्याच्या बाटलीपर्यंत आणलीत."

साहेब मुलाचा दंड धरून निघून गेले.

टीम माझ्याकडून गेली. आता बुसैतीनच्या मोकळ्या जागेत पाच मुलांना शिकवतो. साहेबांचा मुलगा आलेला नाही. व्हिसाला दोन महिने उरलेत. सही झालेली नाही. कंपनीत मी लेखी तक्रार दिली आहे. 'जात' हा शब्द त्यात माझ्या हातानं लिहिला आहे. तक्रार मागं घ्या, सही होईल, असा निरोप आलाय.

घेणार नाही. व्हिसा गेला तर मुलीला घेऊन परत जाईन. का परत आलो, ते विचारेल त्याला सांगीन. तिच्यादेखत सांगीन.